पांढरा स्टिकर

“हे चुकलं तर कोणाले दिसतं?”

मी स्कॅनर हातात धरून नुकतीच कुठे बोलायला सुरुवात केली होती. समोर बाकांवर सहा बायका हिरवे एप्रन घालून, केस टोपीत कोंबून बसल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्या कोकिळा वारके त्यांच्यात वयाने सगळ्यात मोठ्या. विचारताना त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं, स्कॅनरच्या लाल दिव्याकडे होतं.

“सरावात कोणालाच दिसत नाही,” मी म्हणाले. “उलट आत्ता भरपूर चुका. कुठे चुकता ते कळलं की तिथे मला पुस्तिकेत नीट लिहिता येईल.”

“आन सराव सरल्यावर?”

“मग भंगाळे साहेबांना दिसेल.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मला तेच खटकलं. असं काही ऐकल्यावर माणसं शेजारच्याकडे बघतात. या सहाही जणी आपापल्या हातांकडे बघत होत्या.

तेव्हा मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून पुण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. काम असं, की कंपनीचं सॉफ्टवेअर जिथे बसवलं जाईल तिथे जायचं, पहिल्यांदाच वापरणाऱ्यांना शिकवायचं आणि त्यांच्यासाठी मराठीत पुस्तिका लिहायची. ही जागा होती रावेरच्या अलीकडे, केळीच्या बागांच्या मधोमध उभी असलेली एक टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा. केळीच्या कोंबाचे बारीक तुकडे करायचे, ते काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर लावायचे, बाटल्या ट्यूबलाइटखाली थंड खोलीत ठेवायच्या आणि एका कोंबाची शेकडो रोपं करायची. सगळा खेळ स्वच्छतेचा. हवेतला एक कण आत गेला तरी चार-सहा दिवसांत बाटलीत बुरशी दिसते आणि ती बाटली फेकावी लागते.

आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक बाटलीचा माग ठेवणार होतं. बाटलीवर छापील कोड, बाईच्या गळ्यात कोडचं कार्ड. आधी कार्ड, मग बाटली. स्कॅनर टिर्र टिर्र करायचं. दुपारपर्यंत बायकांनी त्याचं नाव टिटवी ठेवलं होतं.

“रात्री छपरावर ओरडते ना, तशीच ओरडते,” सुशीला तायडे म्हणाली. ती सगळ्यात बोलकी. “ती ओरडली का कोणाच्या तरी घरी काहीतरी होतं.”

“इथे काही होणार नाही,” मी म्हणाले. “घ्या, करून बघा.”

“तुम्हीच करून दाखवा मॅडम. आम्हाले बघून येतं.”

त्या दिवशी एकीनेही टिटवी हातात घेतली नाही.

पुस्तिकेसाठी मला फोटो हवे होते. एका पानावर एकच पायरी, वर मोठा फोटो, खाली दोन ओळी, असं मी ठरवलं होतं. ‘चांगली बाटली’ आणि ‘खराब बाटली’ यांचे फोटो काढायला मी वाढीच्या खोलीत गेले. रॅकवर प्रत्येकीच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाचा गोल स्टिकर होता. कोकिळाबाईंचा निळा, सुशीलाचा पिवळा, सगळ्यात लहान आणि नव्या नजमा तडवीचा हिरवा. खराब बाटल्या आठवड्याच्या शेवटी मोजेपर्यंत तिथेच ठेवायच्या, असा नियम होता.

मी निळ्या रॅकवरच्या खराब बाटल्या बघितल्या. मग पिवळ्या. मग हिरव्या. सगळीकडे सारख्याच. एखादी इकडे कमी, एखादी तिकडे जास्त, बस.

आधी मला कौतुक वाटलं. दारापर्यंत आले आणि परत वळले. खरी मोजणी इतकी गुळगुळीत नसते. सहा जणींनी नाणी उडवली तरी एखादीचे छापे जास्त पडतातच. इथे तर सहा वेगळे हात होते, कोणी वीस वर्षांची, कोणी पन्नाशीची. मी हिरव्या स्टिकरची एक खराब बाटली उचलून उजेडात धरली. स्टिकरच्या कडेला जुन्या डिंकाची चंद्रकोरीसारखी कड दिसत होती. आधी तिथे दुसरा स्टिकर होता. तो काढून हा लावला होता.

मागे दाराची चाहूल लागली. नजमा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्या हातातली बाटली पाहिली, ट्रे ठेवला आणि निघून गेली.

भंगाळे साहेब प्रयोगशाळेचे व्यवस्थापक. त्यांना मी काही सांगण्याआधी त्यांनीच विषय काढला.

“तुमच्या लक्षात आलंच असेल. या बायका काहीतरी करतात. म्हणून तर सॉफ्टवेअर घेतलं. कोड लागला का बाटली जिची तिचीच. महिन्याभरात कळेल कोणाचा हात खराब आहे. तिला घरी बसवायचं.”

“एकदम घरी?”

“जागेवर दुसऱ्या उभ्या आहेत.” त्यांनी माझ्या मसुद्याची पानं उलटली. “हा टेबल नंबरचा खाना कशाला? बाईचा कोड आहे ना? काढा तो. उगीच गोंधळ होईल. आणि मी आता प्रत्येकीला जागाही पक्की करून देणार आहे. कोकिळा एक नंबरवर, नजमा चार नंबरवर. आतापर्यंत या आपापसात ठरवून बसायच्या.”

तो खाना सॉफ्टवेअरमध्ये रिकामा सोडला तरी चालत असे. शिकाऊ माणसासमोर जितके कमी खाने तितकं बरं, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. मी मान हलवली.

“आणखी एक,” ते म्हणाले. “तुम्ही दिवसभर तिथेच असता. स्टिकर कोण बदलतं ते बघून ठेवा.”

मला ते आवडलं नाही. पण कोण बदलतं, यापेक्षा कोणासाठी बदलतं, हे मला कळायलाच हवं होतं. उत्सुकता ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी बायका चहाला गेल्या, तेव्हा मी काचेवर लिहायची पेन्सिल घेतली आणि ताज्या ट्रेमधल्या बाटल्यांच्या बुडाला बारीक खुणा केल्या. प्रत्येकीला वेगळी खूण. बूड कोणी बघत नाही.

ते दिवस मला अजून आठवतात. कपडे बदलायच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. डबे उघडले की मला भरीत मिळायचं, पोळी मिळायची, वरून आग्रह व्हायचा, पण गप्पा केळीच्या घडांच्या आणि लग्नांच्या. मी काही विचारलं की सुशीला हसून म्हणायची, “तुमच्या पुस्तकात टाकता का ते पण?” त्यांना मी साहेबांची माणूस वाटत होते. मला त्या काहीतरी लपवणारी टोळी वाटत होत्या. आणि रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून रिकाम्या बाटल्यांवर टिटवी वाजवायचा सराव करत होतो. आता सगळ्या जणी बिनचूक करत होत्या. एकीचीही चूक होत नव्हती, हेही मला संशयास्पदच वाटत होतं.

बुरशी दिसू लागली तशी मी खराब बाटल्या उलट्या करून बघितल्या. स्टिकर सहा रंगांचे होते. बुडाची खूण जवळजवळ सगळीकडे एकच. नजमाची.

म्हणजे हात नजमाचा खराब होता आणि बाकीच्या तिला झाकत होत्या. गणित सुटलं होतं. तरी साहेबांकडे जाण्याआधी मी कोकिळाबाईंना गाठलं. त्या वाढीच्या खोलीत एकट्याच होत्या. मी एक बाटली उलटी करून त्यांच्या पुढे धरली.

“ही नजमाची आहे. हिच्यावर तुमचा निळा स्टिकर कसा?”

त्यांनी खूण पाहिली. घाबरल्या नाहीत. चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघत राहिल्या.

“खालून खूण केली का तुम्ही. हुशार आहात.”

“पुढच्या सोमवारपासून कोड लागणार. मग असं झाकता येणार नाही. तिला शिकवा, नाहीतर जागा जाईल तिची.”

“तुम्ही कॉलेजात हे काम केलं ना?”

“दोन वर्षं.”

“हात चांगला आहे तुमचा?”

“चांगला आहे.”

“मग उद्या सकाळी नजमाच्या जागी बसा. तिले ताप आहे, असं मी साहेबांले सांगते.”

मला आधी वाटलं, हा डाव आहे. मी बसणार, या माझ्या बाटल्यांत काहीतरी करणार आणि मग म्हणणार, बघा, मॅडमच्याही खराब झाल्या. म्हणून मी मनाशी एक अट घातली. सकाळी चार नंबरवर बसेन, दुपारी दोन नंबरवर. सकाळच्या बाटल्यांच्या बुडाला त्रिकोण, दुपारच्या बुडाला गोल. खाद्य एकाच भांड्यातलं, चिमटे तेच, कोंब एकाच कंदाचे. कोणी डाव केलाच तर तो मला दिसला असता.

सुशीलाने मला पांढरे स्टिकर आणून दिले. “तुमचा रंग,” म्हणाली. “कोणाचाच नाही असा एवढाच राहिला होता.”

चार नंबरच्या टेबलावर भंगाळे साहेबांच्या सहीचा ‘तपासले’ असा छापील कागद चिकटवलेला होता. सगळ्याच टेबलांवर होता. मागच्या जाळीतून, फिल्टरने गाळून यायची ती हवा येत होती, दिवा जळत होता. मी अगदी परीक्षेत करावं तसं काम केलं. चिमटा ज्योतीत धरला, निववला, बाटलीचं तोंड शेकलं, कोंब लावला, झाकण बंद. दुपारी दोन नंबरवर तेच.

पुढचे दिवस मी पुस्तिकेत डोकं घालून बसले, पण मन रॅकवर होतं. बुरशी दिसायचे दिवस सरले तेव्हा एका सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले.

माझ्या पांढऱ्या रॅकवर खराब बाटल्या होत्या, पण थोड्याच. बाकी सगळ्यांच्या रॅकवर होत्या तेवढ्याच.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा हात चांगला होता. डाव फसला होता. मी वळणार, एवढ्यात पिवळ्या रॅकवरची एक काळपट बाटली दिसली. सुशीलाची. मी सहज उलटी केली.

बुडाला त्रिकोण होता.

निळ्या रॅकवरची उचलली. त्रिकोण. हिरव्या रॅकवर, नजमाच्या रॅकवरसुद्धा, त्रिकोण. मी एकेक रॅक उलटा करत गेले. माझ्या सकाळच्या बाटल्यांपैकी बऱ्याचशा सडल्या होत्या आणि त्या सहा जणींनी आपापल्या नावावर घेतल्या होत्या. गोलाची एकही खराब नव्हती.

जिला त्या साहेबांची माणूस समजत होत्या, तिच्या खराब बाटल्यांचेही त्यांनी वाटे करून घेतले होते.

कोकिळाबाई दारात आल्या तेव्हा मी जमिनीवर बसले होते, भोवती बाटल्या.

“माझ्या का घेतल्या?” मी विचारलं.

“चारवर जी बसते तिच्या वाटून घ्यायच्या, असं ठरलेलं आहे. तुम्ही बसल्या, तुमच्या घेतल्या. त्यात काय विचारायचं?”

“टेबलाचा फिल्टर गेलाय, मावशी. हे साहेबांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं ना. मी सांगितलं, वंदनाने सांगितलं. साहेब म्हणे, मी तपासलं आहे, कागद लावला आहे. टेबलाचा हात नसतो, खराब होते ती बाईच्या हातानं.” त्या खाली बसल्या आणि बाटल्या गोळा करू लागल्या. “वंदना चारवरच बसायची. दिवाळीच्या आधी घरी बसवलं तिले. तिची जागा नजमाले मिळाली. मग आम्ही ठरवलं का आता कोणीच जास्त खराब नाही करायची. आम्ही स्टिकर लावतो म्हणून साहेबांले राग येतो. स्टिकर तर तेही लावतात.”

“मला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही खालून खुणा करू राहिल्या होत्या,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्हाले काय सांगायचं?”

सोमवारपासून नजमा चार नंबरवर पक्की बसणार होती आणि तिच्या बाटल्यांवर पुसता न येणारा कोड असणार होता. तिच्या घरची चूल तिच्याच पगारावर पेटत असावी. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, ती डब्यात काय आणते यावरून मी ओळखलं होतं.

मी भंगाळे साहेबांकडे गेले. “चार नंबरच्या टेबलाचा फिल्टर शेवटचा कधी बदलला, सर?”

ते सही करत होते. पेन थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

“तुम्ही पुस्तिका लिहायला आला आहात ना?”

“हो.”

“मग ती लिहा. तो टेबलाचा खाना काढला का?”

तोपर्यंत मला तो खाना काढायला सांगणं साधं वाटत होतं. आता वाटेना. त्यांना खरंच माहीत होतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते पेन थांबलं होतं.

“एक अडचण आहे, सर,” मी म्हणाले. “सॉफ्टवेअर सुरू होताना पहिले काही दिवस सगळ्यांनी सगळ्या टेबलांवर काम करून बघावं लागतं. प्रत्येक टेबलावरचं स्कॅनर प्रत्येकीला जमलं पाहिजे. नाहीतर कोणी रजेवर गेलं की काम अडेल. तसं वेळापत्रक मी पुस्तिकेत टाकते. रोज टेबल बदलायचं. नंतर तुम्ही जागा पक्क्या करा.”

“किती दिवस?”

“सहा टेबलं आहेत. सगळ्यांची फेरी पुरी होईपर्यंत.”

त्यांनी थोडा विचार केला. “ठीक आहे. सराव म्हणून ठीक आहे.”

एकच बाई रोज एकाच टेबलावर बसली, तर बाटली हातामुळे खराब झाली की टेबलामुळे, हे जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. प्रत्येक बाई प्रत्येक टेबलावर एकदा बसली की ते सांगता येतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. पुण्याला फोन केला आणि टेबलाचा खाना रिकामा सोडताच येऊ नये अशी सोय करून घेतली. पुस्तिकेतली पहिली पायरी बदलली. आता कार्डाच्या आधी टेबल.

सोमवारी शिकवताना कोकिळामावशी लगेच म्हणाल्या, “साहेब हा खाना काढणार होते ना?”

“आता याच्याशिवाय पुढे जात नाही.”

त्यांनी भिंतीवर लावलेलं वेळापत्रक बघितलं. बोट ठेवून चार नंबरचा रकाना वरून खाली वाचला. त्यात सहाही नावं होती, रोज एक. मग सुशीलाला म्हणाल्या, “हे बघ वो. मॅडमनी वाटे घातले.”

सुशीलाने वाचलं आणि टिटवी उचलली. “पहिल्या दिवशी माझंच नाव. चला.”

फेरी संपून बुरशी दिसायचे दिवस सरल्यावर शेवटचा धडा होता, ‘अहवाल कसा वाचायचा’. त्याला मालकीणबाई, चौधरी मॅडम, जळगावहून आल्या. मी बायकांनाही बसवून घेतलं.

“यांचं काय काम इथे?” भंगाळे साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

“ज्या नोंद करतात त्यांना अहवाल वाचता आला पाहिजे, सर. पुस्तिकेत तसंच आहे.”

पडद्यावर नावांचा अहवाल उघडला. सहा पट्ट्या, जवळजवळ सारख्या उंचीच्या. नजमाची इतरांएवढीच.

“बघा मॅडम,” भंगाळे साहेब म्हणाले. “पुन्हा सारखंच. कोड लावले तरी. या काहीतरी करतात.”

“कोड लावल्यावर काय करतील?” चौधरी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “नावाऐवजी आणखी कशाने बघता येतं का हे?”

“नजमा दाखवेल,” मी म्हणाले.

नजमा उठली. कोणाला न विचारता ती बरोबर ठिकाणी गेली. तिने ‘टेबल’ निवडलं.

पाच पट्ट्या जमिनीलगत. चौथी वरपर्यंत.

“चारवर कोण बसतं?” चौधरी मॅडमनी विचारलं.

“सगळ्याच बसतो,” कोकिळामावशी म्हणाल्या. “पाळीनं.”

चौधरी मॅडम उठून आत गेल्या. आम्ही काचेतून बघत होतो. त्यांनी चार नंबरच्या टेबलावरचा ‘तपासले’चा कागद वाचला, जाळीसमोर तळहात धरला.

“हे तुम्ही तपासलं होतं, भंगाळे?”

“हवा तर येत होती मॅडम.”

“हवा येत होती,” त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी टेबलाचा प्लग स्वतः काढला आणि चारवर आधी कोण बसायचं ते विचारून वंदनाचा फोन नंबर कोकिळामावशींकडे मागितला. तो सुशीलाने सांगितला. पाठ होता तिला.

निघायच्या दिवशी छापून आलेली पुस्तिका मी मावशींच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली. फोटोंमधले आपले हात ओळखले. मग पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

“एक राहिलं,” त्या म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी विचारलं होतं ते. चुकलं तर कोणाले दिसतं?”

पहिल्या पानावर वर थोडी जागा होती. मी पेन काढून तिथे त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला आणि खाली उत्तर लिहिलं, ‘सगळ्यांना.’

त्यांनी वाचलं. “साहेबाची चूक पण?”

“साहेबाची पण.”

“मग चालतंय,” म्हणत त्यांनी एप्रनच्या खिशातून पांढऱ्या स्टिकरची उरलेली पट्टी काढली, त्यातला एक सोलला आणि माझ्या बॅगेच्या पट्ट्यावर अंगठ्याने दाबून चिकटवला.